गणित सोडल्याची रुखरुख

ताई, अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं आणि आता कॉम्प्युटरकडे जायचंय, म्हणून लेक रात्र रात्र जागते, असं तुम्ही लिहिलंत. मीही तेच केलं होतं. कारण? भूमितीची धास्ती, आणि मैत्रिणीने सोडलं म्हणून! पुढे दोन वर्षं इंजिनिअरिंगवाल्या मावसभावाशी धड बोललेही नाही.

'होतं ते चांगल्यासाठीच' असं मात्र तिला म्हणू नका. मला त्याने जास्तच राग यायचा. त्यापेक्षा वाटा दाखवा. एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळातून, बारावीचं नुसतं गणितही देता येतं. फक्त हवं ते कॉलेज असा जादा विषय धरतं का, हे आधी माहितीपत्रकात बघा. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीला तर बारावीची कुठलीही शाखा चालते, गणित दहावीपर्यंतचं पुरतं. (उलट्या बाजूचंही सांगते: जीवशास्त्र सोडलेल्यांना ते नंतर जादा विषय म्हणून देऊन नीटला बसायची मुभा वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली.)

मी पंचविशीत बारावीचं पुस्तक पुन्हा उघडलं. डेरिव्हेटिव्ह दुसऱ्या खेपेला कळलं. इंटिग्रेशन अजून छळतंय.