डिस्क गेली आणि सेकंडहँड बाजारही गेला, पण त्याचं सुतक कुणालाच नाही?

शेवटचा बाक:
परीक्षा संपलीये, डोकं रिकामं आहे, म्हणून हे लिहितोय, पटलं नाही तर झोडा. आमच्या वर्गात सध्या कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) कुठला घ्यावा यावर जोरदार भांडणं चालूयत आणि बहुमत असं की डिस्क ड्राइव्ह नसलेला घे, स्वस्त पडतो. पडतोच ना. २०२० मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ५ आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९९ डॉलरला होता आणि डिजिटल एडिशन ३९९ ला. आता तो एक ड्राइव्ह काही शंभर डॉलरचा नसणार, मग कंपनी एवढ्या पैशांवर पाणी का सोडते? कारण इथून पुढे तुम्ही तिच्याच ऑनलाइन दुकानातून गेम घेणार आणि संपलेला गेम कुणाला विकू शकणार नाही. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार आहे सगळा.

डिस्कचा हिशोब कसा होता बघा. गेम घेतला, सुट्टीत संपवला, निम्म्या किमतीला विकला, त्यात भर घालून पुढचा घेतला. मला अर्ध्यात पडला, ज्याने माझ्याकडून घेतला त्यालाही अर्ध्यात पडला, आणि तो परत तिसऱ्याला विकणार ते वेगळंच. डिजिटलला मी पूर्ण पैसे मोजतो आणि संपल्यावर तो लायब्ररीत नुसता आयकॉन होऊन बसतो. वर कहर म्हणजे मोठे गेम डिस्कवर ७० डॉलरला असतील तर डिजिटलही ७० लाच! डबी नाही, छपाई नाही, ट्रक नाही, परत विकायची सोय नाही, तरी किंमत तीच.

पुस्तकांचंही तेच चाललंय. अमेरिकेत कॉलेजच्या पुस्तकांबरोबर अ‍ॅक्सेस कोड येतो, तो एकदाच चालतो, आणि होमवर्क त्याच कोडवर सबमिट करायचा. म्हणजे सीनियरचं जुनं पुस्तक मिळालं तरी कोड नवीन विकत घ्याच. पिअर्सन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकाच्या प्रमुखांनी २०२२ मध्ये सरळ बोलून दाखवलं होतं की कागदी पुस्तक सात-सात वेळा विकलं जायचं आणि आम्हाला पैसे फक्त पहिल्यांदा मिळायचे, तेव्हा ब्लॉकचेन (व्यवहारांची डिजिटल नोंदवही) वगैरे वापरून प्रत्येक विक्रीत आपला वाटा घेता येईल. जणू सीनियरने ज्युनियरला पुस्तक विकलं म्हणजे ह्यांच्या खिशातून काढून घेतलं.

सबस्क्रिप्शनवर, एआयवर, स्क्रीनटाइमवर सगळे भरभरून बोलतात. पण कमी पैशातला माणूस ज्या बाजारावर जगायचा तो बाजारच डिजिटलने बसवला यावर चिडीचूप. माझं मत: घेतलेला डिजिटल गेम, ईबुक परत विकता आलंच पाहिजे.

हिशेबनीस:
बाकमहाराज, तळमळ पोचली पण अर्थशास्त्र अर्धंच वाचलंय. तुम्हाला गेम अर्ध्यात पडत होता हे खरं, पण पुढे अर्धे पैसे परत मिळणार हे घेणाऱ्याला माहीत असतं म्हणूनच तो सुरुवातीला जास्त द्यायला तयार होतो आणि विकणारा तेवढी किंमत लावतो. परत विकायची सोय ही फुकट मिळालेली नव्हती, ती पहिल्या किमतीतच धरलेली असायची.

दुसरं, जुना माल स्वस्त का असतो? अर्थतज्ज्ञ अकरलॉफ यांचा १९७० चा सेकंडहँड गाड्यांवरचा प्रसिद्ध निबंध आहे, त्यातला मुद्दा असा की गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून तो घाबरून भाव पाडतो. डिस्कवर चरे असतात, पुस्तकाची पानं सुटतात. डिजिटल फाइल मात्र शंभराव्या माणसाकडेही पहिल्या दिवसासारखीच करकरीत. मग नवीन कोण घेईल? पहिल्या आठवड्यात हजार कॉपी खपतील आणि त्याच हजार कॉपी जगभर फिरत राहतील. मग कंपनी एक तर पहिल्या हजारांना सोलून काढेल नाही तर विकणंच बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेईल. तुमच्या मागणीचा शेवट तुम्हालाच नको असलेल्या ठिकाणी होतो.

आणि सेल विसरलात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात वर्ष-दोन वर्षं जुना गेम निम्म्या, पाव किमतीला मिळतो. ज्याला घाई आहे तो पूर्ण भरतो, ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही तो थांबतो. हाच तुमचा सेकंडहँड बाजार, फक्त पैसे बनवणाऱ्याला मिळतात.

धूळखात:
सेलवाल्या मुद्द्याला कडकडून विरोध. सेल कधी लावायचा, किती लावायचा, कुठल्या गेमवर लावायचा हे सगळं दुकानदार ठरवतो. पीसीवर निदान चार दुकानं आहेत, कन्सोलवर डिजिटल म्हटलं की एकच. सेकंडहँड बाजाराचं काम नुसतं स्वस्त देणं नव्हतंच हो, नव्याच्या किमतीला चाप लावणं हे होतं. ज्याला चाप लावायचा त्याच्याच हातात चाप देऊन मोकळं व्हायचं का?

२०१३ आठवतंय का कुणाला? एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला तेव्हा मायक्रोसॉफ्टने वापरलेल्या डिस्कवर अटी घालायचं ठरवलेलं, आणि मशीनने दर २४ तासांनी नेटवर हजेरी लावायची. लोकांनी असा काही गदारोळ केला की बास. सोनीने तर गेम मित्राला कसा द्यावा याचा व्हिडिओ काढला, त्यात एक जण डबी उचलतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो, संपला व्हिडिओ. त्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टला सगळं मागे घ्यावं लागलं. आता गंमत बघा, तेव्हा जे करू दिलं नाही तेच आज ड्राइव्ह नसलेल्या मशीनने होतंय, आणि तेव्हा टाळ्या घेणाऱ्या सोनीचा २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो ड्राइव्हशिवायच येतो, ड्राइव्ह हवा तर वेगळा घ्या. ह्यावेळी तसा गदारोळ नाही.

कोडकरी:
भावनिक चर्चा चालू द्या पण कायद्यात घोडं कुठे अडतंय ते कुणीच सांगितलं नाही. अमेरिकेत १९०८ सालचा निकाल आहे, एका प्रकाशकाने पुस्तकात छापलं होतं की एका डॉलरच्या खाली विकायचं नाही, मेसीज स्टोअरने ८९ सेंटला विकलं, आणि कोर्ट म्हणालं की एकदा विकलंत की पुढच्या विक्रीवर तुमचा ताबा संपला. जुना पुस्तकबाजार ह्याच तत्त्वावर चालतो. पण हे तत्त्व त्या विशिष्ट वस्तूला लागू आहे. फाइल एका मशीनवरून दुसरीकडे जाते म्हणजे खरं तर तिकडे नवी कॉपी तयार होते आणि इथली पुसली जाते. रीडिजी नावाची कंपनी लोकांनी आयट्यून्सवर घेतलेली गाणी परत विकून द्यायची, विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून काढून वगैरे, तरी २०१३ मध्ये ती नेमकी ह्याच मुद्द्यावर हरली, २०१८ मध्ये अपीलही गेलं. युरोपात कोर्ट २०१२ ला सॉफ्टवेअर परत विकायला हो म्हणालं, २०१९ ला ईबुकला नाही. फ्रान्समध्ये गेम परत विकू द्या म्हणून स्टीमविरुद्ध कोर्टात गेलेली ग्राहक संघटना २०१९ मध्ये जिंकली, २०२२ मध्ये अपिलात निकाल उलटा फिरला. सबब, इच्छा कितीही असो, वस्तू आणि कॉपी यात फरक आहे.

शेवटचा बाक:
कोडकरीदादा, माहितीबद्दल थँक्यू, पण तुम्ही कोड लिहिता म्हणून तुम्हालाच विचारतो, आज गेम "माझा" असतो म्हणजे नक्की काय असतं? कंपनीच्या सर्व्हरवर एका टेबलात माझ्या अकाउंटसमोर त्या गेमची एक ओळ असते. फाइल तर कुणीही डाउनलोड करतो, ओळ नसेल तर ती चालत नाही. मग विकताना कॉपी करायचीच कशाला, ती ओळ माझ्या नावावरून काढून दुसऱ्याच्या नावावर टाका. होत नाही असं म्हणू नका, कारण होतंय! स्टीमवर २०१२ पासून कम्युनिटी मार्केट आहे. गेममधल्या बंदुकीचं स्किन (नुसतं रंगरूप) मी कुणालाही विकू शकतो, स्टीम त्यातून ५ टक्के घेतं, काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये वर १० टक्के गेमचे. म्हणजे बंदुकीचा रंग विकता येतो, आख्खा गेम विकता येत नाही. निन्टेन्डोने २०२५ मध्ये स्विच २ या कन्सोलबरोबर गेम-की कार्ड आणलं, त्या कार्डात गेम नसतोच, नेटवरून उतरवायचा, पण कार्ड ज्याच्याकडे तो खेळणार, आणि ते कार्ड विकता येतं. तंत्रज्ञान आहे, इच्छा नाही, बस.

हिशेबनीससाहेब, तुमचा पहिला मुद्दा मान्य केला तर परत विकायची सोय काढल्यावर किंमत उतरायला हवी होती ना? तिथे तर ७० चे ७० च. सोय पहिल्या किमतीत धरलेली होती म्हणता, मग ते धरलेले पैसे गेले कुठे?

हिशेबनीस:
काही प्रमाणात दुकानदारांच्या नाराजीपायी. डिजिटल स्वस्त केलं तर डिस्क विकणारे माल ठेवणार नाहीत. पण हो, बाकीचे कंपनीच्या खिशात, नाकारत नाही.

स्किनचं उदाहरण मात्र माझ्या बाजूने जातं. स्किन दुर्मीळ ठेवता येतं म्हणून त्याला बाजार आहे. आणि जिथे डिजिटल वस्तू परत विकायला पूर्ण मोकळीक दिली तिथे काय झालं ते कॉन्सर्टच्या तिकिटांत बघा. बॉट (आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम) लावून तिकिटं उचलायची आणि चौपट भावाने विकायची, अमेरिकेला २०१६ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, तरी २०२२ मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या टूरच्या तिकिटांच्या वेळी काय गोंधळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. परत विकायची सोय गरिबाच्याच कामी येते असं काही नाही.

धूळखात:
अहो तिकिटं संपतात! स्टेडियममध्ये खुर्च्या मोजक्या असतात. डिजिटल गेम कधी "स्टॉक संपला" असा बघितलाय? दुकानात नवीन ७० ला मिळत असताना माझ्याकडून ७१ ला कोण घेणार? बॉटवाल्याचा धंदा पहिल्याच दिवशी बसेल.

पिक्सेलताई:
इतका वेळ नुसतं वाचत होते, आता राहवत नाही. सगळे ७० डॉलरवाल्या अवाढव्य गेमबद्दल बोलताय. मी आणि एक मैत्रीण मिळून गेम बनवतो. आमचा गेम एका दुपारी संपतो, मुद्दाम तसा बनवलाय, गोष्ट आहे, ती संपते. तुमच्या योजनेत पहिला माणूस दुपारी घेणार, संध्याकाळी विकणार, रात्री दुसरा तोच खेळणार. शंभर तासांचा ऑनलाइन गेम कुणी विकणारच नाही, कारण तो कधी संपतच नाही. म्हणजे मार खाणार तो छोट्या, नीट शेवट असलेल्या गेमचा. मग आम्ही पण काय करायचं, शेवटच काढून टाकायचा? रोज लॉगिन करा, रोज बक्षीस घ्या, असलं काहीतरी करायचं?

ही नुसती भीती नाहीये. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळला असेल आणि १४ दिवस झाले नसतील तर रिफंड मिळतो, चांगला नियम आहे, मी स्वतः वापरते. पण २०२१ मध्ये एका छोट्या डेव्हलपरने ह्याच कारणाने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं, गेम दीड तासाचा, लोक पूर्ण खेळून, चांगलं लिहून, वर रिफंड घ्यायचे. रिफंडला निदान दोन तासांची मर्यादा आहे, बाकभाऊंच्या योजनेत तीही नाही.

शेवटचा बाक:
ताई, हा मुद्दा खरंच टोचला, मोठ्या कंपन्यांच्या रागात छोट्यांकडे लक्ष गेलं नव्हतं. पण मग बनवणाऱ्याचा वाटा ठेवूया की. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने लायब्ररीतून पुस्तक वाचायला नेलं की लेखकाला थोडे पैसे मिळतात. आणि माल झिजत नाही म्हणून अडतंय ना, तर झिजवायला प्रकाशकांना छान येतं! हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये लायब्ऱ्यांना सांगितलं की एक ईबुक २६ वेळा वाचायला दिलं की संपलं, परत विकत घ्या. २६ वेळा हाताळल्यावर कागदी पुस्तक फाटतं असं धरून. आपल्या फायद्यासाठी फाइल फाटू शकते तर आमच्यासाठीही फाडा की. समजा गेम येऊन सहा महिने झाल्याशिवाय विकता येणार नाही, एक कॉपी जास्तीत जास्त पाच हातांतून जाईल, आणि दरवेळी तिसरा हिस्सा बनवणाऱ्याला. मग?

कोडकरी:
म्हणजे पिअर्सनवाल्यांचीच योजना झाली की ही, ज्यांच्या नावाने वर बोटं मोडलीस.

शेवटचा बाक:
त्यांना वाटा हवा होता, मला विकायचा हक्क हवाय. हक्क देत असतील तर वाटा घेऊ देत, माझं काही जात नाही.

पिक्सेलताई:
तिसरा हिस्सा नको, निम्मा हवा. आणि सहा महिने नाही चालणार, आमच्यासारख्यांचे बरेचसे पैसे पहिल्या वर्षातल्या सेलमध्येच येतात. दोन वर्षं म्हण, मग बोलू.

शेवटचा बाक:
दोन वर्षांनी तो गेम तुम्हीच पाव किमतीत लावलेला असेल, मग माझ्याकडून घेणार कोण! एक वर्ष आणि निम्मा हिस्सा, बोला.

हिशेबनीस:
बघा, आता दोघं मिळून सेलच ठरवताय.