८ कॉन्सर्ट, १२ दिवस, २,४०० किमी: मधली भटकंती आणि जेवणं कशी बसवायची?

पायवाट
एकाच बँडच्या दौऱ्यामागे गाडीने जायचंय. चौघं जण, त्यात गाडी चालवणारे दोघं. १२ दिवसांत ८ कॉन्सर्ट, अंतर साधारण २,४०० किमी. तीनदा कॉन्सर्ट लागोपाठच्या दिवशी आहेत (त्यातला लांबचा टप्पा ४१० किमी), चारदा मध्ये एक दिवस मोकळा मिळतो. तिकिटं सगळीकडे उभ्याची, गेट संध्याकाळी साडेसहाला, कॉन्सर्ट आठला. वाटेत बघायच्या ठिकाणांची यादी २३ वर गेली आहे. त्यातली खरोखर किती होतील? मोकळ्या दिवशी सकाळी निघावं की आहे तिथेच फिरून दुपारी? आणि कॉन्सर्टच्या दिवशी नीट जेवायचं कधी?

मैलाचा दगड
यादी तूर्त बाजूला ठेवा आणि वेळ उलटी मोजत या. तुमचा ४१० किमीचाच टप्पा घेऊ. आदल्या रात्री साडेदहाला कॉन्सर्ट संपली तरी पार्किंगमधून गाडी सुटायला साडेअकरा, अंथरुणाला पाठ टेकायला साडेबारा. सात तास झोप धरली तर निघेपर्यंत साडेआठ. नकाशा साडेचार तास दाखवेल, पण त्यात पेट्रोल, शौचालय, जेवण काही नसतं आणि चौघांतलं कोणी ना कोणी दर दोन तासांनी 'जरा थांबवा' म्हणणारच. ताशी ७५ किमी सरासरी धरा: साडेपाच तास. पंधरा मिनिटांचे दोन थांबे आणि जेवणाचा पाऊण तास मिळवला की पावणेसात. सव्वातीनला मुक्कामी, साडेपाचला रांगेत. भटकंतीला उरलं काहीच नाही.

म्हणून लागोपाठच्या दिवशी जेवणाचा थांबा हेच प्रेक्षणीय स्थळ. तळ्याचा काठ, जुना पूल, दरीचा कठडा, जे काही हमरस्त्यापासून पाच किमीच्या आत असेल ते. त्यापलीकडे वाट वाकडी करू नका. पाटीवर '१५ किमी' वाचून मोह होतो, पण जाऊन-येऊन ते ३० किमी. आतल्या रस्त्यावर ताशी ४० ने पाऊण तास, गाडी लावून चालत जायला-यायला २० मिनिटं, बघायला सव्वा तास. दोन तास वीस मिनिटं गेली.

तुमच्या वेळापत्रकात मोकळ्या दिवसांची चार मोठी ठिकाणं, त्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चार छोटी आणि जेवणाचे तीन थांबे बसतात. २३ पैकी ११. उरलेली बारा आत्ताच कापलीत तर गाडीत भांडणं कमी होतात.

अर्धविराम
वरच्या हिशोबाशी सहमत. मोकळ्या दिवसाबद्दल माझं मत ठाम आहे: अंतर त्याच दिवशी आणि सकाळीच कापा. एक तर गाडीने दगा दिला, रस्ता बंद निघाला, तरी कॉन्सर्ट हुकत नाही. दुसरं म्हणजे दुपारी दोन ते चार या वेळात शरीराला आपोआप पेंग येते, जेवण झालेलं असो वा नसो. ती वेळ पायी फिरण्यात गेलेली बरी, स्टिअरिंगमागे नको. नऊला निघून दीडपर्यंत पोचायचं, दुपारी नव्या गावात भटकायचं. कॉन्सर्टच्या दिवशी मग चावीला हातही लावावा लागत नाही.

रात्री मात्र कॉन्सर्टनंतर 'थोडं अंतर कापून ठेवू' हा विचार सोडा. सकाळी साडेसातला उठलेला माणूस रात्री साडेबाराला १७ तास जागा असतो, आणि तेव्हा त्याची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावलेली असते. ताशी १०० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी १११ मीटर आपली आपण जाते. युरोपात व्यावसायिक चालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे; तुम्ही दोन तासांवर चालक बदलत गेलात तर उत्तमच.

पेंग आलीच तर कॉफी पिऊन लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफी चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते. अर्धा-पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं आणखी जड होतं. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यांचा उपयोग काही मिनिटांपुरता.

गाण्यांवरून आठवलं, गाडीत आवाज कमीच ठेवा. १०० डेसिबलला कानांची दिवसभराची सुरक्षित मर्यादा १५ मिनिटांत संपते आणि कॉन्सर्ट अडीच तासांची. इअरप्लग आठही दिवस हवेत. कान सुन्न असतील तर दुसऱ्या दिवशी शांत जागा निवडा.

चमचा
जेवणाकडे वळतो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

कॉन्सर्टच्या दिवशी पोटभर जेवण एकच, तेही आठच्या आधी साडेतीन-चार तास, म्हणजे चार-साडेचारला. गेटच्या रांगेत भरल्या पोटी उभं राहणं आणि रिकाम्या पोटी चक्कर येणं, दोन्ही यातून टळतं. त्या जेवणात कडधान्य, कोबी, खूप तळलेलं नको. चार तास गर्दीत उभं राहायचंय, जागेवरून हलता येत नाही. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी दुपार आणि रात्र यांच्या मध्ये स्वयंपाकघर बंद असतं. निघण्याआधी फोन करून विचारा आणि 'हॉटेल किती वाजेपर्यंत' असं न विचारता 'शेवटची ऑर्डर किती वाजता' असं विचारा. दोन्हींत अर्ध्या-एक तासाचा फरक सहज असतो. वाटेतलं दुपारचं जेवण चालवणाऱ्याने अर्ध्या पोटी घ्यावं.

कॉन्सर्टनंतर बाहेर काही मिळेल असं धरूच नका. पार्किंगमध्ये गाड्या तुंबलेल्या असतात तो पाऊण तास हीच तुमची जेवणाची वेळ. पण गाडी साडेपाचपासून बंद उभी असते, म्हणून शिजवलेलं काही ठेवायचं नाही. ब्रेड, शेंगदाण्याचं बटर, खजूर, सुका मेवा, सालीची फळं, माणशी एक लिटर पाणी.

आइसबॉक्समध्ये सुटा बर्फ घालण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. खाणं चिंब होत नाही आणि वितळल्यावर पाणी पिता येतं. एक तृतीयांश जागा बर्फाला, आत स्वस्तातला थर्मामीटर, पारा ५ अंशांच्या खाली. पिण्याच्या बाटल्यांसाठी वेगळी पेटी, नाहीतर दर दहा मिनिटांनी झाकण उघडतं आणि दुपारपर्यंत सगळं कोमट.

पायवाट
खूप मदत झाली, ११ ठिकाणांची यादी करायला घेतली आहे. @चमचा, सकाळी भात करून डब्यात नेला आणि संध्याकाळी गरम करून खाल्ला तर? मुक्कामी मायक्रोवेव्ह असेल.

चमचा
डबा सकाळपासून बाहेरच राहणार असेल तर नको. भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. शिजवलेलं काहीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. न्यायचाच तर शिजल्यावर ताटात पसरून लवकर गार करा, फ्रिजमध्ये पूर्ण थंड होऊ द्या, मग बर्फावर ठेवा. उकडलेली अंडी तशीच, बर्फावरच.

टपावरची बॅग
सामानाचं कोणी बोललं नाही. प्रेक्षणीय ठिकाणच्या पार्किंगमध्ये बाहेरगावचे नंबर ओळखू येतात. बॅगा डिकीत ठेवायच्या त्या मुक्कामावरून निघतानाच. पार्किंगमध्ये पोचून सगळ्यांदेखत मागच्या सीटवरून डिकीत हलवल्या, तर काय कुठे आहे ते तुम्हीच दाखवून दिलंत. मागची सीट पूर्ण रिकामी दिसली पाहिजे, चार्जरची वायरसुद्धा नको. पासपोर्ट, तिकिटं आणि औषधं अंगावरच्या छोट्या पिशवीत. पिशवीचा आकार प्रत्येक ठिकाणच्या नियमात बघा. बऱ्याच जागी ए४ कागदाएवढीच चालते.

पेट्रोल कॉन्सर्टच्या आधी भरा. रात्री सगळे एकाच पंपावर येतात. पार्किंग आगाऊ घ्या आणि गाडी तोंड बाहेर करून लावा.

मैलाचा दगड
दोन गोष्टी राहिल्या. कॉन्सर्टच्या दिवशी सकाळी बघायचं ठिकाण बसून बघता येईल असं निवडा: बोट, केबल कार, बाग. संग्रहालयात दोन तास रेंगाळत उभं राहिलं की सरळ चालण्यापेक्षा पाय जास्त दुखतात, आणि रात्री पुन्हा उभंच राहायचंय. गड, संग्रहालय वगैरे मोकळ्या दिवशी.

दुसरी, प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ वहीत लिहा. सुट्टीचा वार सगळीकडे सारखा नसतो. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद, पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा ते एक तास आधीच थांबतो. टप्प्यात घड्याळ बदलण्याची हद्द (टाइम झोन) ओलांडत असाल तर पूर्वेकडे जाताना एक तास बुडतो. मग सव्वातीनऐवजी सव्वाचारला पोचणार असा हिशोब धरा.