मदत हवी आहे: रात्री वस्तीवर चोर शिरला तर कायद्याने काय करता येतं?

नमस्कार मंडळी. आई आणि दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) शेतातल्या वस्तीवर दोघंच राहतात, मी पुण्यात. गेल्या महिन्यात विहिरीवरची केबल चोरीला गेली. आठ दिवसांपूर्वी रात्री दोनला कुणीतरी मागच्या दाराचा कोयंडा उचकटत होतं. कुत्रं भुंकलं, दादा ओरडले, तेव्हा पळाले. तेव्हापासून दादा उशाशी कोयता घेऊन झोपतात. आईला तर झोपच नाही.

दादा ६८ वर्षांचे. म्हणतात, "आत आला की घालणार घाव, पुढचं पुढं." या वयात त्यांच्यावर खुनाचा गुन्हा लागला तर, या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो.

१ जुलै २०२४ पासून भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी करताना जीव जाईल वा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, तर प्रतिकारात समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. मग नुसती कडी उचकटणं यात बसतं का? पळणाऱ्यावर वार केला तर? चुलते म्हणतात, रात्री कुंपणात करंट सोडा. मला ते अजिबात पटत नाही, पण दादांना थांबवायला काहीतरी ठोस हवंय.

प्रतिसाद १
वकिली करतो, म्हणून लिहितो. कलम ४१ मध्ये गुन्ह्याचा प्रयत्नही येतो, त्यामुळे कडी उचकटणं बसू शकतं. पण कलम ३७ विसरू नका: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. ओरडल्यावर पळाला, तर विषय तिथेच संपला. घरफोडीपुरता हा हक्क चोर घरात आहे तोवरच, अंगणापलीकडे पाठलाग करून घाव घातला तर दादाच आरोपी. विहिरीवरच्या केबलसाठी तर कुणाचा जीव घेता येतच नाही.

दर्शन सिंग खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की, जिवावर बेतलेल्या माणसाने पळून जावं अशी अपेक्षा नाही. त्या क्षणी किती जोर लावला हे सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं. चांगल्या हेतूने मर्यादा ओलांडली गेली तर खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात, मात्र त्यात पूर्वतयारी नसावी लागते. "घालणारच" हे वाक्य म्हणूनच दादांना महागात पडेल.

करंट अजिबात नको. बिहारमध्ये एकाने संडासाकडे कुणी येऊ नये म्हणून उघडी तार सोडली, शेजारची बाई दगावली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. तारेला चोर कोण, पाणी धरायला निघालेला गडी कोण, हे कळत नाही.

धागाकर्ता
खूप आभार. तारेचं हे दादांना आज रात्रीच फोनवर वाचून दाखवतो. मागच्या दाराला लोखंडी ग्रिल आणि अंगणात दिवा या शनिवारी बसवतोय. ११२ ला फोन केल्यावर वस्तीवर गाडी यायला किती वेळ लागतो, कुणाला अनुभव आहे का?