अ‍ॅपवर नव्वद टक्के, पण बाईंनी आकारात गायलेले स्वर ओळखता येत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शेहेचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायला लागले, त्याला आता तीन वर्षं होतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा नोव्हेंबरमध्ये द्यायची आहे. गळा बरा आहे असं बाई म्हणतात, पण परीक्षेत आकारात, म्हणजे स्वराचं नाव न घेता नुसत्या 'आ'वर, गायलेले स्वर ओळखायला सांगतात तिथे माझं घोडं अडतं. म्हणून जूनपासून मोबाइलवर कान तयार करण्याचं एक अ‍ॅप घेतलं. रात्री ओटा आवरला की रोज वीस मिनिटं, न चुकता.

अ‍ॅपची पद्धत अशी: प्रत्येक प्रश्नाआधी पियानोवर चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ) वाजतात, त्यातून सा कुठे आहे ते कळतं. मग एक स्वर वाजतो, तो कोणता त्याचं बटण दाबायचं. सुरुवातीला निम्मी उत्तरं चुकायची. आता सात शुद्ध स्वरांत नव्वदच्या खाली येत नाही, कोमल-तीव्र घातले तरी ऐंशी. फार उभारी आली होती.

मागच्या गुरुवारी बाईंनी तानपुरा लावून आकारात तीन-तीन स्वर गायले आणि आम्हाला वहीत लिहायला सांगितले. दहापैकी माझे दोन बरोबर. एक चूक तर मनातून जातच नाही. बाई गायल्या म प ध. मी लिहिलं सा रे ग, आणि जराही शंका आली नाही. शेजारी बसणाऱ्या नववीतल्या मुलीचे नऊ बरोबर आले. ती कुठलंच अ‍ॅप वापरत नाही. तिचं मनापासून कौतुक आहे, पण माझे तीन महिने कुठे गेले ते कळेना.

दुसरी अडचण गाण्याची. याच अ‍ॅपमध्ये आपण स्वर लावला की काटा दाखवतो, स्वर बरोबर की वर-खाली. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा. सा लावला की काटा मध्यावर, हिरवा. ग लावला की डावीकडे, लाल. मी ग थोडा थोडा चढवून काटा हिरवा केला, आठवडाभर तसाच घोटला आणि क्लासमध्ये लावला. बाईंनी लगेच थांबवलं. "ग चढलाय. तानपुऱ्यात मिसळत नाहीये, ऐक."

अ‍ॅप सोडून देऊ का? की वापरण्याची माझीच रीत चुकते आहे? हातात दोन महिने आहेत. ज्यांनी असा सराव केला असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

सोडू नका. मला दोन गोष्टी सांगाल का? एक, अ‍ॅपवर सराव करताना तानपुरा चालू असतो का? दोन, काट्यावर तुमचा प कसा येतो? माझा अंदाज असा, की सा, रे, म, प जवळपास हिरवे येत असतील आणि ग, ध, नि लाल.

धागाकर्ती

तानपुरा लावत नाही, अ‍ॅपचाच सा पुरेसा वाटायचा. आणि हो, आत्ता गाऊन पाहिलं. प अगदी मध्यावर. ध तर गपेक्षाही जास्त खाली दाखवतो. तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद

कारण काटा पियानोच्या मापाने मोजतो आहे. त्या मापात सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक). म्हणजे ग ४०० सेंटवर. पण तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा फरक तयार कानाला सहज कळतो. तानपुऱ्याशी जुळणारा ध ८८४ वर, पियानोचा ९०० वर. प मात्र ७०२ आणि ७००, म्हणून तो हिरवा. तुमचा ग आधी बरोबरच होता. बाईंचं ऐका. पेटीबद्दलही हाच आक्षेप होता. आकाशवाणीवर १९४० पासून कितीतरी वर्षं तिला बंदी होती, त्यामागच्या कारणांत हे एक होतं. तेव्हा गाण्यासाठी तो काटा बंदच करा. सेटिंगमध्ये स्वरांचं माप बदलता येत असेल तरच ठेवा.

आता म प ध. ही चूक वाटते तेवढी वाईट नाही. म ते प आणि प ते ध ही अंतरं सा-रे-ग सारखीच आहेत, आणि ती तुम्ही अचूक ऐकलीत. हातातून सुटला तो सा. तुमच्या कानाने मध्यमालाच सा मानलं. मूर्च्छनेत हेच मुद्दाम करतात, तुमच्याकडून नकळत झालं. आणि इथेच अ‍ॅपने सवय बिघडवली आहे. दर प्रश्नाला ते नव्याने सा हातात देतं, त्यामुळे तो धरून ठेवायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही.

मी विद्यार्थ्यांकडून असं करून घेतो. प्रश्नाआधीचे कॉर्ड बंद करा, अ‍ॅपची पट्टी काळी चार ठेवा आणि दुसऱ्या फोनवर तानपुरा सतत चालू ठेवा. फोनच्या स्पीकरवर मात्र नको. काळी चारचा सा सुमारे २०८ हर्ट्झ, खर्ज १०४ च्या आसपास. एवढा खालचा नाद त्या लहान स्पीकरमधून नीट येतच नाही. मोठा स्पीकर जोडा. सुरुवात फक्त सा, ग, प यांनी करा. आणि बटण दाबण्याआधी तो स्वर स्वतः गा, गात गात सापर्यंत खाली या, मग दाबा. वेळ लागेल. लागू द्या.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला एक जोड. पियानोचा ठोका ओळखणं आणि माणसाचा आकार ओळखणं यात फरक आहे. मी स्वतःच्याच आवाजात तीन-तीन स्वरांचे वीस तुकडे आकारात रेकॉर्ड करायचे, उत्तरं कागदावर लिहून ठेवायचे आणि चार दिवसांनी, विसरल्यावर, ऐकायचे. मध्यमा प्रथम या पुढच्या परीक्षेच्या वेळी याचा खूप उपयोग झाला.

धागाकर्ती

दहा दिवसांनी लिहिते आहे. कॉर्ड बंद केल्यावर पहिल्या रात्री नव्वदचे एकदम चाळीस झाले. रडू आलं, पण मी नक्की कशावर विसंबून होते ते लख्ख दिसलं. आता पाच स्वरांवर सत्तरपर्यंत आले आहे. परवा एक गोष्ट झाली. तानपुरा चालू ठेवून डोळे मिटून नुसती बसले होते, तर खर्जाची तार वाजली की तिच्या शेपटाला ग ऐकू आला. तीन वर्षं तो तिथेच होता. त्यात माझा ग सोडला आणि काही क्षण माझा आवाज कुठला तेच कळेना.

काल बाईंनी पुन्हा वही काढायला लावली. दहापैकी सहा. म प ध या वेळी बरोबर.

चुकलेल्या चारांपैकी तीनांत मींड होती, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. बाई गवरून मींडेने सावर आल्या की मधला रे मी वेगळा स्वर म्हणून लिहून मोकळी होते. अ‍ॅपमध्ये मींड नाहीच, सगळे स्वर सुटे. यावर कोणी कसा सराव केला आहे?