नक्कल म्हणजे दुय्यम काम?
'अडेला ब्रेटन चित्रं चांगली काढायची, पण तिला पुरातत्त्वज्ञ म्हणणं जरा जास्तच होतंय' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. ही ब्रिटिश चित्रकार मेक्सिकोतल्या प्राचीन अवशेषांच्या रंगीत नकला करायची. 1900 साली माया अवशेषांचा अभ्यासक आल्फ्रेड मॉडस्ले याने तिला चिचेन इत्सा या मेक्सिकोतल्या प्राचीन माया शहरात धाडलं ते त्याची स्वतःचीच रेखाटनं जागेवर ताडून बघायला. म्हणजे कुणाच्या नजरेवर भरवसा होता बघा! तेव्हा बाई पन्नाशीच्या, सोबतीला पाब्लो सोलोरिओ हा मेक्सिकन वाटाड्या. तिथल्या जॅग्वार मंदिराच्या वरच्या दालनातली लढाईची भित्तिचित्रं तिने पुढे अनेक हंगाम खपून जलरंगात उतरवली. ढाली, भाले, घरांची छपरं, सगळं रंगासकट. मूळ भिंतीवरचा रंग आता बहुतेक उडालाय, त्यामुळे अभ्यासकांना आधार तिच्या कागदांचाच.

आपल्याकडे रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, तेही वर्षानुवर्षं राबून केलेलं काम. ब्रेटनबाईंचं नशीब बरं, त्यांचा संग्रह ब्रिस्टलच्या संग्रहालयात शाबूत आहे. जलरंग उजेडाने विटतात, म्हणून बाहेर क्वचितच काढतात इतकंच.