मदत हवी आहे: दाराच्या काचेची खालची पट्टी कशी बसवायची?

गाडी जुनी हॅचबॅक, काच हँडल फिरवून वर-खाली होणारी. पुढच्या डाव्या दाराची काच फुटली. टफन्ड (तापवून कडक केलेली) असल्यामुळे पार चुरा झाला आणि निम्मा दाराच्या पोटात गेला. आतलं पॅनेल काढून, प्लॅस्टिकची शीट अलगद सोडवून सगळा चुरा व्हॅक्यूमने ओढला. खालची पाणी जायची भोकंही मोकळी केली, तिथे खडे अडकले की दार आतून गंजतं. रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, नीट फिरतोय.

त्याच मॉडेलची जुनी काच मिळाली आहे, कडा शाबूत, पण काच रेग्युलेटरला जोडणारी खालची धातूची पट्टी तिच्यासोबत नाही. माझी पट्टी चांगली आहे, आतलं रबर मात्र कडक होऊन तुटलंय. काचेला भोकं नाहीत, म्हणजे सगळी पकड त्या रबराचीच. हातोडी वापरायची नाही. कडेला एक ठोका बसला तरी ही काचही जाईल. आंबट वासाचा सिलिकॉनही नको, त्याने धातू गंजतो.

नवं रबर साबणाच्या पाण्याने ओलं करून पट्टी दाबून बसवली तर पुरेल, की पॉलियुरेथेन (काच चिकटवायचा गोंद) लावावंच लागेल? आणि पट्टीची जागा उजव्या दारावरून मोजून आरशासारखी उलटी धरली तर काच सरळ चढेल ना?