गच्चीवरच्या बागेची चर्चा-साइट किती साधी ठेवायची?

बागवेडी:
आमचा गच्चीवर बाग करणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे पण तिथे काल सांगितलेलं आज सापडत नाही, तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून एक छोटी साइट बनवतेय. मला हॅकर न्यूज (तंत्रज्ञानाच्या लिंका टाकून त्यावर चर्चा करायची इंग्रजी साइट) फार आवडतं. २००७ पासून वरचा तोच केशरी पट्टा, एका पानावर ३० लिंका, प्रोफाइल फोटो नाहीत, इमोजींची जत्रा नाही, रेंज कमी असली तरी पटकन उघडतं. तसंच करावं म्हणतेय, पण आमच्यातले निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. काय ठेवू, काय काढू?

कोरी_पाटी:
प्रोफाइल फोटो बिनधास्त काढा, माणूस कोण ते बघण्याआधी तो काय म्हणतोय ते वाचलं जातं. लाइकचे आकडे पण नकोत. हॅकर न्यूजने २०११ मध्ये दुसऱ्यांच्या कमेंटचे पॉइंट दाखवणं बंद केलं, मतं फक्त क्रम लावायला वापरतात, आकडा फक्त ज्याची कमेंट त्यालाच दिसतो. आकडा समोर दिसला की लोक वाचायच्या आधीच ठरवून टाकतात हो.

रफार_वेलांटी:
बागवेडी ताई, कल्पना छान आहे पण जसंच्या तसं उचलू नका प्लीज. तिथली कमेंट संगणकावर व्हर्डाना फॉन्टमध्ये, ९ पॉइंट एवढ्या बारीक अक्षरात असते, इंग्रजीला चालून जातं, पण देवनागरीत वर रफार, वेलांटी आणि खाली उकार, त्या साइजला सगळं चिकटतं. फॉन्ट निदान १७-१८ पिक्सेल ठेवा, दोन ओळींत भरपूर जागा सोडा. दुसरं म्हणजे तिथे प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा आत सरकतं, मोबाइलवर बऱ्याच पायऱ्या आत गेलं की ओळ अरुंद होत जाते, आणि मराठीत तर 'कुंडीतल्यासुद्धा' असे लांब शब्द. दोन पायऱ्या बास, त्यापुढे सरळ एकाखाली एक. आणि डाउनव्होट झालेली (नापसंतीची मतं पडलेली) कमेंट फिकट करत जायची पद्धत तर अजिबात नको, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने ती वाचायची कशी?

मातीचा_माणूस:
फोटो लावायची सोय ठेवा!! पानामागे पांढरं काहीतरी दिसतंय असं नुसतं लिहिलं तर पिठ्या ढेकूण ही कीड का भुरी ही बुरशी ते आम्ही कसं सांगणार, आणि दोन्हीचा उपाय वेगळा. फक्त तो यादीत नको, धागा उघडल्यावर दिसला पाहिजे, म्हणजे पहिलं पान हलकं राहील.
अजून एक, हॅकर न्यूज तुम्हाला उत्तर आलं तरी स्वतःहून कळवत नाही, रोज तिथेच असणाऱ्यांना चालतं ते. आपले काका-काकू एकदा प्रश्न टाकून आठवडाभर फिरकणार नाहीत, त्यांना ईमेल गेलाच पाहिजे.

बागवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मग प्रोफाइल फोटो आणि आकडे नाहीत, अक्षर मोठं, दोन पायऱ्या, फोटो धाग्याच्या आत, ईमेल चालू. मत द्यायचा बाण मात्र तिथे इतका बारीक आहे की बोट भलतीकडेच पडतं, त्याऐवजी 'उपयोग झाला' असं सरळ अक्षरात बटण ठेवलं तर?

रफार_वेलांटी:
ठेवा की! आणि शोधायची चौकट सगळ्यात वर घ्या, हॅकर न्यूजवर ती पार तळाला आहे आणि तुम्ही तर साइटच जुनं सापडावं म्हणून बनवताय.